अळणी हाताची तुदा

आमच्याकडे कुणाच्या घरी कालवण अळणी झालं की जेवणारा अजून विचारतो, "आज चुलीपाशी तुदा बसली होती काय?" सगळे हसतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तिला कधी पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी पाहिलंय ते ती मेली असं धरून चालतात. ती मेलेली नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर जी पडकी गढी आहे, तिच्या पोटात ती आजही स्वयंपाक करते, आणि आजही त्यात मीठ घालत नाही.

आमच्या ह्या सूसच्या खोऱ्यात पडकी भिंत दिसली की लोकांना तिच्याखाली खजिना दिसतो. धुपाचे पुडे, मंतरलेले कागद आणि मंत्रतंत्र जाणणारा एखादा जाडजूड फकीह सोबत घेऊन लांबलांबून माणसं येतात आणि गढीच्या कोरड्या विहिरीतून भुयारात उतरतात. उतरल्यावर त्यांना काय दिसतं? कधीच पाऊल न पडलेली वाळू. आपोआप पेटणारे दिवे. रडल्यासारखं करकरणारं दार. आणि शेवटच्या दालनात भिंतीतून गरकन फिरून समोर येणारं वाफाळतं ताट. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. यायलाच हवा, त्यासाठी भिंतीमागे आमच्या गावची माणसं राबत असतात. बीही नावाचा म्हातारा खजुराच्या झापाचा झाडू घेऊन उलटा चालत चालत वाळूवरची पावलं पुसतो. रक्कुश दिव्यांत तेल घालते, मागून वाती ओढते आणि वेळ उरला तर कवट्यांना चुना लावते. दाराच्या लाकडी खुंट्या भिजत ठेवायचं कामही तिचंच, नाहीतर दार करकरायचं विसरतं. जुनेपण फार कष्टाचं असतं, ते रोज नव्यानं करावं लागतं.

ताटाचं काम तुदाचं.

भुयाराच्या मालकांचं नाव आम्ही घेत नाही. 'ती मंडळी' म्हणतो, तेवढ्यावर समजून घ्यावं. त्यांच्यातला एकच आमच्या माणसांना दिसतो, तो म्हणजे मुकादम. टोपीचा झगा थेट जमिनीपर्यंत, त्यामुळे पाय कसे आहेत ते कुणी पाहिलं नाही आणि पाहायची कुणाला हौसही नाही. बोलतो नाकातून, आणि सगळ्या मुकादमांसारखाच क्षुल्लक गोष्टींत जीव अडकवून बसतो. त्या मंडळींना दोन गोष्टी सोसत नाहीत, लोखंड आणि मीठ. म्हणून तुदाची भांडी तांब्याची, सुरी पितळेची, आणि स्वयंपाकात ऑलिव्ह नाही की मुरवलेलं लिंबू नाही, कारण दोन्ही मिठात मुरलेली. उरलं काय, तर आलुबुखार, बदाम, केशर, कांदा आणि तुदाचा हात. एवढ्यावर ती असा वास उठवायची की दगडालाही भूक लागावी.

खजिना शोधायला उपाशीपोटी उतरावं लागतं, तो विधीच आहे. त्यामुळे ताट समोर आलं की भलेभले ढासळतात. ह्या ताटानं कुणाचा जीव जात नाही. खाणारा झोपतो, गढीबाहेरच्या काटेरी झुडपांत जागा होतो आणि आपण कशासाठी आलो होतो ते विसरलेला असतो. बाकी सगळं आठवतं, घर, बायको, घोड्याचं नाव. फक्त ज्यासाठी आला ते जातं. कपडे झटकतो आणि परततो. नुसतं जिभेवर ठेवून थुंकलं तर काही होत नाही, घास पोटात जावा लागतो. आणि मिठाचा खडा पडला तर ते ताट नुसतं जेवण होतं, तुमच्याआमच्यासारखं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती भिंत. बांधणाऱ्यानं ती अशी बांधली आहे की तिला कान आहेत, तोंड नाही. पुढच्या बाजूला कुणी कुजबुजलं तरी मागे झरोक्याशी स्वच्छ ऐकू येतं. मागच्या बाजूला ऊर फुटेस्तोवर ओरडा, पुढे मुंगीला कळणार नाही.

बीहीला उकडलेलं अंडं मिठाशिवाय गिळवत नसे. तो फेट्याच्या आतल्या घडीत मिठाची चिमूटभर पुरचुंडी लपवून खाली आणायचा आणि कोपऱ्यात तोंड करून खायचा. तुदाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"दद्दा, एक दिवस मुकादम तुला उलटा टांगेल," ती म्हणायची. आमच्याकडे म्हाताऱ्याला दद्दा म्हणतात आणि बाईला मानानं लल्ला.

"टांगू दे. उलटं चालण्यातच जन्म गेला, टांगल्यावर निदान सुलट दिसेल सगळं," बीही अंडं सोलत म्हणायचा. "तू एकदा चाखून तर बघ, लल्ला तुदा. जीभ दगडाची झालीय तुझी."

"माझ्या चुलीपासून लांब बस म्हणजे झालं."

कामात ती अशी चोख. आणि हीच चोख सवय तिच्या घराला नडली.

खजिना शोधणाऱ्यांचा हंगाम संपला की मागचं दार उघडतं आणि आमची माणसं आपापल्या घरी येतात. वर आल्यावर खालचं काही सांगायला गेलं की तोंडातून शेळीसारखं "बें" येतं. मग मला हे कसं सांगता येतं ते विचारू नका. बीहीनं लग्नाच्या नवलाईत एकदा बायकोला सांगायचा प्रयत्न केला होता. ती अजून समजते की नवऱ्यानं तिच्या माहेरच्यांची नक्कल केली. ते एक असो. तुदा वर यायची तेव्हा जीभ तेवढी बांधलेली, हात मात्र तिथलाच. घरच्या चुलीवरही हात मिठाच्या बरणीकडे जायचाच नाही. नवरा मोहंद भला माणूस होता. तो ताटाशेजारी मिठाची वाटी घेऊन बसायचा, मुलीच्या ताटात घालायचा, आपल्या घालायचा, आणि "वा, आज काय झालंय!" म्हणायचा. तो होता तोवर त्या घरात मीठ कमी आहे असं कुणाला वाटलंच नाही.

मोहंद गेला आणि वाटीही फळीवर गेली. मुलगी यामना तोवर लग्नाची झाली होती. कुंभारवाड्यातलं चांगलं स्थळ आलं. मुलगा यामनानं पाहिलेला होता, आवडलेलाही होता. त्याची आई, मावश्या आणि दोन काका बोलणी पक्की करायला जेवायला आले. तुदानं दोन दिवस खपून वाफवलेल्या रव्याचा कुसकुस केला, वर कोवळं मांस, सात भाज्या, मनुका आणि कांद्याचा गोड पाक. ताट मधोमध ठेवलं. सगळ्यांनी अल्लाचं नाव घेऊन घास घेतला आणि हळूहळू सगळ्यांचे हात थांबले.

आमच्याकडे ज्याच्याशी सोयरीक नको असेल त्याला तोंडानं नाही म्हणत नाहीत. त्याला अळणी वाढतात. शहाणा माणूस काय ते समजतो आणि उठतो.

मुलाच्या आईनं रुमालाला बोटं पुसली. "कळलं हो, लल्ला. आमच्यात आणि तुमच्यात मीठ नको, असंच ना? मग बोलावलं कशाला? निरोप धाडला असता तरी चाललं असतं, एवढा डोंगर चढायला लावलात."

तुदाच्या लक्षात यायलाच वेळ लागला. आलं तेव्हा ती सांगायला गेली, हात असा का झाला ते सांगायला गेली, आणि तोंडातून आलं "बें". पाहुण्यांसमोर. कुंभारीण बाई ताडकन उठली आणि तिच्यामागे सगळे.

यामना दाराआड उभी होती. ती बाहेर आली, ताटातला एक घास तोंडात घातला आणि हसली. ते हसणं तुदाच्या काळजात अजून रुतलेलं आहे.

"इम्मी, तू सगळ्या जगाची आई झालीस," ती म्हणाली. "त्यांची चूल, त्यांची भांडी, त्यांचे हंगाम. आणि माझ्यासाठी? आजच्या एका दिवशी मुठीत धरून चार खडे टाकायला तुझा हात झडला असता?"

चुकले, एवढा एक शब्द म्हणायचा होता. त्या शब्दानं "बें" झालं नसतं. तो वरचाच शब्द होता. पण लोकांसमोर फजिती झालेली बाई चुकले म्हणत नाही. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. ती म्हणाली, "एवढी मिठाची हौस असेल तर जा, जिथे मिळेल तिथे जाऊन चाट."

यामना गेली. साफीच्या बंदरात मासे खारवण्याच्या कारखान्यात लागली असं पुढे कळलं. दिवसभर मिठाच्या पिंपात हात. तुदा हंगामासाठी खाली उतरली तेव्हा मुकादमानं नेहमीप्रमाणे नाकातून विचारलं, "वर आता कोण आहे तुझं? किल्ली देऊन टाक, सुखी होशील." घराची किल्ली जो त्या मंडळींच्या हातात देतो, त्याच्यासाठी मागचं दार पुन्हा उघडत नाही, हे तिला ठाऊक होतं. रागाच्या भरात तिनं कमरेची किल्ली सोडून त्याच्या बाहीत टाकली. राग किती दिवस टिकतो? पण दार मात्र कायमचं गेलं.

त्यानंतर हंगाम आले आणि गेले. बीही वर जायचा, यायचा. तुदा कधी काही विचारायची नाही. स्वयंपाक मात्र आधीपेक्षा चांगला करायची, आणि एकटी असली की कधीकधी तांब्याच्या भांड्याकडे पाहत बसून राहायची. रक्कुश म्हणायची, "रडायचं तर रड की गं, दिव्यात पाणी नाही पडलं म्हणजे झालं." पण तुदा चुलीजवळ रडायचीही नाही. आसवांत मीठ असतं.

एके दिवशी पुढच्या बाजूला माणसं उतरली. बीही झरोक्याशी बघून आला. "एक फकीह आहे, पोटावरून बघता महिनाभर उपाशी राहिला तरी चालेल. आणि सोबत एक बाई."

तुदानं कोकराचं मांस आणि आलुबुखार उकळत ठेवले होते. तिनं ताट फिरत्या दगडावर मांडलं. मुकादमाची तांब्याची घंटा वाजली की दगड आपोआप फिरतो. घंटा वाजायची होती. ती आणि रक्कुश झरोक्याला कान लावून उभ्या राहिल्या.

"पोरी, आता ताट येईल," फकीह सांगत होता. "घाबरू नकोस. मी आहे."

"मी घाबरत नाही, सीदी." आवाज जाडसर झाला होता, पण तुदानं तो लगेच ओळखला. "तुम्ही खजिन्यासाठी आलात, मी नाही. गावात कुणी म्हणतं माझी इम्मी वारली, कुणी म्हणतं ह्या भिंतीमागे आहे. विचारावं तर लोक शेळीसारखे ओरडतात. ती आहे की नाही एवढंच मला हवंय. त्यासाठीच मी आलेय."

तुदा भिंतीवर धावली. दोन्ही हातांनी मारत सुटली. "यामना! अगं यामना!" भिंतीला तोंड नव्हतं. हात सोलले, पलीकडे काही गेलं नाही.

मग तिच्या डोक्यात लख्ख पडलं. पोरगी उपाशी आहे. ताट बघून खाईल. खाईल आणि ज्यासाठी आली ते विसरेल. म्हणजे मला विसरेल.

ती पळाली. पुढचं ऐकायला थांबली नाही. वाळूच्या दालनामागे बीही झाडू घेऊन बसला होता. तिनं त्याचा फेटाच धरला.

"दद्दा, मीठ दे!"

"हळू बोल, बये! कसलं मीठ?"

"खोटं बोलू नकोस, आज खोटं बोलू नकोस. यामना आहे पलीकडे. तुझ्या पाया पडते."

बीहीनं फेट्याची घडी उलगडून पुरचुंडी तिच्या हातात ठेवली. "सगळं घे. आणि बेतानं टाक, एवढं नाही लागत."

तिनं पळत येऊन मीठ ताटातल्या कालवणाच्या वाडग्यात सोडलं, लाकडी पळीनं ढवळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बोट बुडवून चाखलं. अजून चार कण. पुन्हा चाखलं. घंटा वाजली. दगड फिरला.

ती झरोक्याशी पोचली तेव्हा रक्कुश भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं. पण तुदाचं लक्ष तिच्याकडे नव्हतं.

पलीकडे वाडग्याचा आवाज झाला.

"काय गं?" फकीहनं विचारलं.

"मीठ आहे," यामना म्हणाली.

"बरं मग?"

"मीठ अगदी बरोबर आहे, सीदी." तिचा आवाज फाटला. "ही माझी आई नाही. माझ्या आईनं जन्मात मीठ घातलं नाही. माझ्या सोयरिकीला घातलं नाही, ती ह्यांच्या ताटात घालेल? नवीन बाई आहे कुणी. इम्मी गेली."

तुदा ओरडत होती. कपाळ आपटत होती. रक्कुश तिला मागून धरून होती. तेवढ्यात मीठ भुयाराला बाधलं आणि भिंती शिंकायला लागल्या, खरोखर शिंकल्या, वरून माती पडली, दिवे विझले. फकीह झगा गुडघ्यापर्यंत उचलून पळाला आणि यामनालाही ओढत घेऊन गेला.

सगळं शांत झाल्यावर रक्कुशनं सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण सांगितल्याशिवाय तिच्यानं राहवलं नसतं. "तू पळालीस ना, तेव्हा ती पुढे बोलली गं. म्हणाली, मी गिळणार नाही, सीदी. नुसतं जिभेवर ठेवीन. अळणी लागलं तर इम्मी आहे, मग ही भिंत नखांनी खणेन. मी तुझ्यामागे हाका मारल्या. तू लांब गेली होतीस."

तुदा हातातल्या चांदीच्या कड्याकडे बघत राहिली. ते कडं यामनानं लहानपणी दातांनी चावलेलं होतं, खुणा अजून होत्या. काढून वाडग्यात टाकलं असतं तरी भागलं असतं. सुचलंच नाही. जन्मभर चुलीपाशी बसलेल्या बाईला जे सुचलं ते जेवणातच काही घालायचं सुचलं.

मुकादम आला तो नाक लाल करून, झग्याच्या बाहीनं डोळे पुसत. "कुणी केलं हे?"

"मी," तुदा म्हणाली. बीहीनं तोंड उघडलं होतं, तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मिटलं.

मुकादम तिच्यासमोर उभा राहिला. शिक्षा काय करावी ते आठवत असणार. "किल्ली तर तू आधीच दिलीस," शेवटी तो म्हणाला, आणि नाकातून का होईना, जरा हळू म्हणाला. "आता तुझ्याकडून घ्यायचं काय?" आणि तो निघून गेला.

हंगाम संपला. मागचं दार उघडलं तेव्हा बीही तुदाजवळ येऊन घुटमळला. "मी सांगायचा प्रयत्न करीन, लल्ला."

"बें म्हणून?"

"बें तर बें. हातवारे करीन."

तो गेला आणि पुढच्या हंगामाला परत आला तो आल्या आल्या तिच्या चुलीपाशी बसला. फेटा मांडीवर काढून ठेवला.

"भेटली," तो म्हणाला. "मी सांगायला गेलो. झालं ते झालंच. हातवारे करायला गेलो तर दोन्ही हात जमिनीला टेकले, चार पायांवर उभा राहिलो तिच्यासमोर. तिनं मला उठवलं, पाणी पाजलं. म्हणाली, दद्दा म्हातारे झालात, उन्हात फिरू नका. ती लहान असताना मी तिला खांद्यावर घेऊन बाजारात नेली होती, आणि ती माझी कीव करत होती." त्यानं नाक शिंकरलं. "मोहंदच्या कबरीशेजारी तुझ्या नावाचा दगड उभा केलाय तिनं. दर वर्षी साफीहून येणार आहे, तुझ्या नावानं गावजेवण घालायला. यंदा घातलं. कुसकुस. सात भाज्या, मनुका, कांद्याचा पाक. तसाच."

तुदा आलुबुखार निवडत होती. निवडत राहिली.

"स्वतः रांधते, कुणाला हात लावू देत नाही," बीही म्हणाला. "आणि मीठ घालत नाही."

तुदाचे हात थांबले.

"एक खडाही नाही. ती कुंभारीणही आली होती, म्हातारी झालीय. घास घेतला, थांबली, यामनाकडे पाहिलं. यामना म्हणाली, माझी आई असंच करायची. म्हातारीनं ताट संपवलं. सगळ्यांनी संपवलं, लल्ला. कुणी मीठ मागितलं नाही."

त्यानं फेट्याच्या घडीतून एक पुरचुंडी काढली. "त्या कुसकुसातला मुठीएवढा आणलाय तुझ्यासाठी. नवं फडकं आहे हं, मिठाचं नाही. तेवढं मी बघितलं."

तुदानं कुसकुस तोंडात घातला. वाळून गेला होता, दाण्याला दाणा चिकटला होता. तिनं डोळे मिटून सावकाश चावला. तो तिचाच हात होता, कांद्याच्या पाकात चिमूट जास्त दालचिनी, तीसुद्धा तिचीच.

"मी तिच्यासाठी एकदाच मीठ घातलं रे, दद्दा," ती म्हणाली. "नेमकं तेव्हाच."

पुढच्या बाजूला कुणीतरी विहिरीतून उतरत होतं. बीही झाडू घेऊन उठला. तुदानं पदरानं तोंड पुसलं, चुलीपासून लांब जाऊन डोळे पुसले, आणि येऊन भांडं विस्तवावर ठेवलं.